पोटातला हितसंबंध

आमच्या डॉक्टरांना त्यांच्या समितीत पाठीमागे ‘पणडॉक्टर’ म्हणतात, आणि ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याचा मी एकदा जाहीर सत्कार करणार आहे. कुणी काहीही मांडलं की हे आधी शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात, समोरच्याला वाटतं आपण जिंकलो, आणि मग येतो तो ‘पण’. लग्नाला एवढी वर्षं झाली. या शब्दापुढे मी कधी हार मानली नाही आणि कधी जिंकलेही नाही.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. उभा जन्म एकाच रस्त्यावर दवाखाना चालवून निवृत्त झाले, आणि घरात पेपर वाचत माझ्या पायात पायात येतील म्हणून मीच त्यांना या समितीवर ढकललं. कुठली तपासणी सगळ्या लोकांना बोलावून करायची आणि कुठली नाही, याचा सल्ला ही समिती सरकारला देते. आजारी माणसाने डॉक्टरकडे जाणं वेगळं. इथे ठणठणीत माणसाला पत्र पाठवून बोलवायचं असतं, की या, तुम्हाला काही झालंय का ते बघू. डॉक्टरांचा सगळा जीव या फरकात अडकलेला. मी स्वतः पोहण्याच्या तलावावर पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवते, तेव्हा मला मेलीला त्यात काय कळतंय. पण जेवणाच्या टेबलावर ऐकून ऐकून मीही निम्मी सभासद झाले होते.

या वर्षी समितीपुढे पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा प्रश्न होता. सायकलच्या जुन्या ट्यूबला कधीकधी एका जागी फुगा येतो ना, तसा फुगा काही माणसांच्या, त्यातही पासष्टीच्या पुढच्या आणि कधीकाळी सिगारेट ओढलेल्या पुरुषांच्या, पोटातल्या महाधमनीला येतो. दुखत नाही, खुपत नाही. बहुतेकांचा तसाच राहतो आणि माणूस दुसऱ्याच कशाने तरी यथावकाश जातो. काहींचा फुटतो, आणि फुटला की बहुतेक वेळा हॉस्पिटलची पायरीसुद्धा गाठता येत नाही. पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं की फुगा लगेच दिसतो. मग पासष्ट वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला बोलावून यंत्र फिरवायचं का, एवढाच प्रश्न.

समितीच्या अध्यक्ष सर्जनबाई म्हणत होत्या, फिरवायचं, उद्यापासून फिरवायचं. या बाई डॉक्टरांच्या कॉलेजातल्या. रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं करण्यात त्यांची हयात गेली, आणि फुटलेले फुगे घेऊन आलेली माणसं त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावरच प्राण सोडताना पाहिलेली. डॉक्टर म्हणत होते, पण. पण ज्यांचा फुगा लहान निघेल त्यांचं काय? त्यांना दरवर्षी मोजायला बोलवायचं, आणि मधल्या काळात त्यांनी पोटावर हात ठेवून जगायचं? पण ज्याचा कधीच फुटणार नव्हता त्याचं पोट आपण उघडलं आणि तो त्यात दगावला, तर ते कुणाच्या खात्यावर? चांगल्या माणसाला बोलावून पेशंट करून घरी पाठवणं त्यांना पटत नव्हतं. दोघंही एकमेकांना अरे-तुरे करत, आमच्याच टेबलावर, माझ्याच हातची कॉफी पिऊन भांडत. मी मध्ये पडले तर दोघंही मिळून माझ्यावर घसरत, म्हणून मी मध्ये पडायचं सोडून दिलं होतं.

आता या समितीची एक खोड सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. समितीचा असा रिवाज आहे की जी तपासणी लोकांच्या गळ्यात घालायची, ती आधी सभासदांनी स्वतःवर करून घ्यायची. रिवाज चांगलाच आहे. आतड्याच्या तपासणीच्या वर्षी सगळी विद्वान मंडळी खिशात नमुन्याची एकेक डबी घेऊन, एकमेकांच्या नजरेला नजर न देता बैठकीला आली होती, ते आठवलं की मला अजून हसू आवरत नाही. नवजात बाळांच्या कानांच्या तपासणीलाही यांनी आपापले कान पुढे केले, आणि तेव्हा समितीतल्या अर्थतज्ज्ञांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे उघड झालं. त्यांच्या बायकोला ते आधीच माहीत होतं.

तर त्या दिवशी सोनोग्राफीचं यंत्र थेट समितीच्या सभागृहात आणलं होतं. मी तलावावरून परस्पर डॉक्टरांना न्यायला गेले, ओल्या केसांनीच. दाराशी थांबले तर सर्जनबाई आतूनच म्हणाल्या, “वहिनी, या या, लपवण्यासारखं काही नाही, सगळे उघडे पडलेत.” लांब टेबलावर चादर अंथरलेली, खिडक्यांचे पडदे ओढलेले, आणि जे टेबल एरवी अहवालांच्या गठ्ठ्यांखाली दबलेलं असतं त्यावर अर्थतज्ज्ञ शर्ट वर करून पहुडलेले. यंत्र चालवणारी मुलगी गालात हसत त्यांच्या पोटावर थंडगार जेल लावत होती. समितीवरच्या वकीलसाहेबांचं आधीच झालं होतं, ते टिश्यूने पोट पुसत आपण किती निरोगी आहोत ते सांगत होते. सर्जनबाईंनी स्वतःचीही करून घेतली होती. योजना पुरुषांसाठी असली तरी रिवाज म्हणजे रिवाज.

डॉक्टर सगळ्यांत शेवटी टेबलावर चढले. मी कोपऱ्यात बसून एकाच गोष्टीचा विचार करत होते, की सकाळी यांनी भोक पडलेली बनियन घातली आहे की चांगली. भोकाचीच होती. मी मान दुसरीकडे वळवली. म्हणून मला आधी काही दिसलं नाही, फक्त एवढं जाणवलं की यंत्रवाल्या मुलीची बडबड बंद झाली. तिने यंत्र पुन्हा वरून खाली नेलं. माप घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. अर्थतज्ज्ञ काहीतरी विनोद सांगत होते, तेही मधेच थांबले.

डॉक्टर मान तिरकी करून पडद्याकडे बघत होते. ती मुलगी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “पाच पूर्णांक सात.” अगदी दुसऱ्याच कुणाचा आकडा वाचावा तसे.

सर्जनबाई खुर्चीवरून उठल्या. मी पण उठले. फुगा साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेला की ऑपरेशनचा विचार करतात, एवढं जेवणाच्या टेबलाने मला शिकवलं होतं. मी जवळ जाऊन डॉक्टरांची बनियन खाली ओढली आणि पोट झाकलं. दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

पुढे जे झालं ते या लोकांच्याच हातून होऊ जाणे. समितीचा दुसरा एक नियम आहे, तो मात्र कागदावरचा आहे. ज्या सभासदाचा एखाद्या विषयात स्वतःचा हितसंबंध असेल त्याने त्या विषयावर मत द्यायचं नाही. औषध कंपन्यांकडून कुणी काही घेतलं असेल तर त्याला लांब ठेवायला केलेला नियम. आणि इतकी वर्षं ही मंडळी दर तपासणी स्वतःवर करून घेत होती, पण कुणाच्या एकदाही डोक्यात आलं नाही की उद्या कुणात काही सापडलं तर त्याचा हितसंबंध त्याच्या पोटातच तयार होईल. कारण कानाचं सोडलं तर आजवर कुणात काही सापडलंच नव्हतं. एका नियमाने यांना टेबलावर झोपवलं आणि दुसऱ्याने टेबलावरून उठवून दाराबाहेर काढायची वेळ आणली.

गंमत अशी की लोकांनी एका आठवड्यात बाजू बदलल्या. समितीत तिघं बाजूने आणि तिघं विरोधात, सातवे आमचे डॉक्टर, तेही विरोधात, असा सरळ हिशेब होता. समसमान पडलं तरी योजना बारगळणार. वकीलसाहेब विरोधकांचे म्होरके, त्यांनी वर्षभर डॉक्टरांना डोक्यावर घेतलं होतं. आता तेच म्हणायला लागले, यांना मत देता येणार नाही, यांचा हितसंबंध आहे. आणि ज्यांनी वर्षभर डॉक्टरांच्या नावाने कपाळावर हात मारून घेतला, ते बाजूवाले म्हणायला लागले की असा अनुभवी सभासद मतापासून वंचित राहणं हा अन्याय आहे. प्रत्येकाला वाटत होतं की माणूस घाबरला म्हणजे मत फिरवणारच. निर्णय पुढच्या महिन्याच्या बैठकीवर ढकलला.

इकडे मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झालं. मांडीच्या रक्तवाहिनीतून जाळी सरकवून भागणार नव्हतं, फुग्याची जागा अडचणीची होती. पोट उघडावं लागणार होतं. सर्जनबाईंचा जुना विद्यार्थी ऑपरेशन करणार होता, त्याने लगेचची तारीख दिली. डॉक्टरांनी ती घेतली नाही.

“बैठक होऊ दे,” ते म्हणाले. “आता ऑपरेशन करून घेतलं तर मी सरळसरळ लाभार्थी होतो. मग वकील मला दारातही उभा करणार नाही. आधी मत, मग पोट.”

मी काय म्हटलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं की तुमच्या मताचं लोणचं घाला. मी म्हटलं की फुगा काही समितीचा सभासद नाही, तो बैठकीची वाट बघत बसणार नाही. त्यावर ते मला महिन्याभरात फुटण्याची शक्यता किती कमी आहे ते समजावून सांगायला लागले, तर मी हातातला टॉवेल फेकला आणि तलावावर निघून गेले. त्या दिवशी माझ्या वर्गातल्या माणसांनी पाण्यापेक्षा माझाच जास्त धसका घेतला.

आमच्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, आई, बाबांना तू ओळखतेस, तत्त्वाचा प्रश्न आला की ते ऐकणार नाहीत. मलाही तेच वाटत होतं. हा माणूस तत्त्वासाठी जीव देईल, आणि मरताना सुद्धा ‘पण’ म्हणेल. मला त्यांचा राग येत होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटत होता, आणि रात्री त्यांचा श्वास ऐकत पडलं की दोन्ही कुठच्या कुठे जायचे आणि मी नुसते त्यांचे श्वास मोजत राहायची. महिनाभर डॉक्टर नियमावली वाचत होते. दुसऱ्या देशांतल्या समित्या काय करतात, हितसंबंधाची व्याख्या कशी करावी, यावर ते मला व्याख्यानं देत. घरात एवढं बोलणं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

बैठकीच्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि प्रेक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसले. समितीच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, फक्त आजवर कुणी येत नसे. अर्थतज्ज्ञांनी मला मान लववली. सर्जनबाईंनी विषय पुकारला. वकीलसाहेब उभे राहिले आणि म्हणाले की नियमाचा अर्थ लावायला वरिष्ठांचं मत मागवावं लागेल, तेव्हा विषय पुढच्या महिन्यावर ठेवावा. आणखी एक महिना. सर्जनबाईंचा चेहरा पडला. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, ते मी दाताखाली धरले, कारण मला वाटलं आता डॉक्टर भडकणार.

डॉक्टर म्हणाले, “माझी काही हरकत नाही. थांबू या की. घाई काय आहे?”

ते इतक्या पटकन म्हणाले, आणि म्हणताना त्यांचे खांदे इतके सैल झाले, की मी बघतच राहिले. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. घरातला नव्हे, तलावावरचा. पाण्याला घाबरणारा मोठा माणूस कधी म्हणत नाही की मला भीती वाटते. तो काठावर उभा राहून विचारतो, पाणी आज किती गार आहे? चष्म्याचा पट्टा ढिला आहे का? क्लोरीन जास्त झालंय का? काठावर माणसं फार बोलतात, आणि त्यातलं एकही वाक्य पाण्याबद्दलचं नसतं. आणि तेवढ्यात घंटा झाली, आजचा वर्ग संपला, असं म्हटलं की त्यांचे खांदे असेच खाली येतात. कितीतरी माणसांच्या चेहऱ्यावर मी हे वाचलं होतं, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर मला महिनाभर तत्त्व दिसत होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, पाच मिनिटं थांबा, मला माझा नवरा हवाय. नियमात हे बसतं का ते वकीलसाहेब शोधू लागले, तोवर मी डॉक्टरांना दंडाला धरून बाहेर नेलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात झेरॉक्सचं यंत्र आणि दोन मोडक्या खुर्च्या होत्या. मी ओरडायच्या तयारीने आले होते, पण ओरडणं जमेना. काठावरच्या माणसावर ओरडायचं नसतं, हे मी नव्या शिक्षकांना पहिल्या दिवशी सांगते.

मी म्हटलं, “अहो, तुम्हाला भीती वाटते का?”

डॉक्टरांनी हितसंबंधाबद्दल काहीतरी सुरू केलं. मी नुसती बघत राहिले. मग त्यांचं वाक्य मधेच विरलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “फार वाटते गं. लोकांना मी जन्मभर सांगत आलो, काही होत नाही, करून घ्या. माझ्यावर वेळ आली तर मला त्या ऑपरेशनच्या टेबलावर चढवत नाहीये. रोज उठलो की वाटतं, आज नको.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू पोहायला शिकवतेस. तुला घाबरट माणूस आवडला नसता.”

एवढा शिकलेला माणूस, आणि एवढं अडाणी बोलणं. मी त्यांना म्हटलं की माझं सगळं आयुष्य घाबरट माणसांबरोबर गेलंय, आणि ती मला न घाबरणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आवडतात. न घाबरणारे सरळ खोल पाण्यात उडी टाकतात आणि मला कपड्यांसकट मागे जावं लागतं. डॉक्टर हसले. मी पण हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं, तर त्यांनी खिशातला रुमाल दिला. मी त्यांना पाण्यातल्या माणसाला सांगते तेच सांगितलं. भीती जाईपर्यंत थांबायचं नसतं, ती काही काठावर जात नाही. तिला घेऊनच उतरायचं, मी बरोबर उतरते.

आम्ही आत आलो तेव्हा सभागृहात सगळे कागद चाळत असल्याचं सोंग करत होते. तो दरवाजा फार पातळ आहे, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले की त्यांना आपला हितसंबंध जाहीर करायचा आहे, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. “माझा हितसंबंध एवढाच आहे, की मला भीती वाटते. इथून बोलावणं गेलेल्या बऱ्याच लोकांना ती वाटणार आहे, तेव्हा त्यांच्या वतीने कुणीतरी इथे बसलेलं बरं. बाकी तुमच्यापैकी प्रत्येक जण त्या टेबलावर झोपला होता. ज्याच्या पोटात काही निघालं नाही, तोही सुटल्याचा आनंद घेऊनच मत देतोय. काढायचं तर सगळ्यांना काढा.”

यावर वकीलसाहेब खाकरले. मग अर्थतज्ज्ञांनी, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं पण सगळं कळतं, सहज विचारलं की वकीलसाहेब, त्या दिवसानंतर तुम्ही बाहेर पुन्हा सोनोग्राफी करून घेतलीत म्हणे? वकीलसाहेब लाल झाले. एकदा नव्हे, वेगवेगळ्या दोन ठिकाणी करून घेतली होती, आणि दोन्हीकडे पोट स्वच्छ निघालं होतं. सगळं सभागृह खो-खो हसलं, शेवटी वकीलसाहेबही हसले आणि त्यांनी हरकत मागे घेतली.

मग डॉक्टर मताबद्दल बोलले. ते म्हणाले, “मी वर्षभर जे म्हणत होतो ते खोटं नव्हतं. पडद्यावर तो आकडा दिसल्यापासून मी एक दिवस नीट जगलेलो नाही. ते आपण लोकांना देणार आहोत, हे विसरू नका. माझा फुटला असता की नसता, मला कधीच कळणार नाही. मी वाचलो म्हणून पेढे वाटायचे, की विनाकारण कापला गेलो म्हणून रडायचं, हेही कळणार नाही. पत्रात हे सगळं स्पष्ट लिहा, नको म्हणणाऱ्याला सुखाने नको म्हणू द्या, आणि ज्याच्यात काही सापडेल त्याच्याशी त्याच दिवशी बसून बोलणारं माणूस ठेवा. एवढं करणार असाल तर मी बाजूने आहे. कारण या महिन्यात मला सगळं काही वाटलं, पण माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं एकदाही वाटलं नाही. याचं मलाच नवल वाटतंय.”

सर्जनबाईंनी त्यांच्या सगळ्या अटी तिथल्या तिथे मान्य केल्या. इतक्या वर्षांच्या भांडणात ही बाई पहिल्यांदाच काही न बोलता नुसती मान हलवत होती. हात वर झाले, योजना मंजूर झाली. वकीलसाहेबांनी विरोधात मत दिलं आणि मग डॉक्टरांना मिठी मारली. मी खुर्चीत बसल्या बसल्या हॉस्पिटलला फोन लावला आणि मिळाली ती पहिली तारीख घेतली, यांना न विचारता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मुलगी येऊन बसली, आणि थोड्या वेळाने सर्जनबाई आल्या. मला वाटलं, बरं झालं, आता धीर द्यायला जाणतं माणूस आहे. कसलं काय. बाई पाच मिनिटं एका जागी बसेनात. खिडकीशी जात, परत येत, घड्याळ बघत, यंत्रातून कॉफी काढत आणि न पिता ठेवून देत. इतकी वर्षं त्या दाराच्या आतल्या बाजूला काढलेल्या. बाहेरच्या बाजूला काय असतं, ते त्यांना बिचारीला ठाऊकच नव्हतं.

शेवटी त्या माझ्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “वहिनी, त्या दिवशी मी यंत्र आणलं नसतं तर तो आत्ता घरी पेपर वाचत असता. कदाचित वीस वर्षं वाचत राहिला असता. आत काही कमीजास्त झालं तर त्याला मी टेबलावर चढवलं असं होईल.”

हा तर डॉक्टरांचाच मुद्दा होता, शब्द तेवढे बाईंचे. आमच्या टेबलावर वर्षभर जो त्यांनी उडवून लावला होता, तो आज त्यांनाच येऊन चिकटला होता. एरवी त्यांना टोमणा मारायची अशी संधी मी सोडली नसती. मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, ताई, आणलंत ते बरं केलंत, आणि आता ही कॉफी प्या, तीन कप गार केलेत तुम्ही. मुलीने आमच्या दोघींकडे पाहिलं आणि दोघींसाठी नव्याने कॉफी आणायला गेली. मला धीर द्यायला आलेल्या बाईला धीर देण्यात माझा वेळ बरा गेला, हे मात्र खरं.

दुपार कलताना सर्जन बाहेर आला, टोपी काढली, आणि आधी आपल्या बाईंकडे नव्हे तर माझ्याकडे बघून म्हणाला की सगळं व्यवस्थित झालंय. सर्जनबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ वळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. डॉक्टर नळ्यांच्या जंजाळात पडलेले, चेहरा पांढरा, ओठ सुकलेले, आणि डोळे मात्र टक्क उघडे. सर्जन त्यांना तपासत होता. डॉक्टरांनी घोगऱ्या आवाजात त्याला पहिलं काय विचारलं असेल? फुटणार होता का, हे.

सर्जन प्रामाणिक निघाला. म्हणाला, “सर, सांगता येत नाही. फुटलाही असता, नसताही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली. “बघ, मी सांगितलं होतं. आता कुणालाच कधी कळणार नाही.”

“नको कळू दे,” मी म्हटलं. “मला पुरावा नको होता, अहो. मला तुम्ही हवे होतात.”

डॉक्टरांनी माझा हात धरला, आणि ब्लड प्रेशर घ्यायला आलेल्या नर्सने तो सोडायला सांगितला तर म्हणाले, दुसऱ्या हाताचं घ्या.